दोन बोटांची फट

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका टर्नरनं १९९१ साली चहा पिता पिता माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांना मिळून व्हर्निअर लावला होता. मधल्या सांध्यापाशी ३६ मिलिमीटर. त्यानं ते थट्टेत केलं, मी मात्र तो आकडा ठेवीसारखा जपला. पिकअपच्या मागच्या पाट्यांचं, म्हणजे लीफ स्प्रिंगचं, काम आलं की वरचा सेट आणि जास्त वजन आल्यावरच टेकणाऱ्या खालच्या हेल्पर पाट्याचं टोक यांच्या मधल्या फटीत मी ती दोन बोटं सारायचो. अडकत अडकत आत गेली की माप बरोबर. गिऱ्हाईक उभं असलं तर हे जरा सावकाश करायचो. बघणाऱ्याला त्यात काहीतरी विद्या दिसते.

गेल्या श्रावणात दुकानातल्या पोरानं तीच बोटं पुन्हा मोजली. ४४ भरली.

सांधे सुजलेत. चाळीस वर्षं घण मारलेल्या माणसाचे सुजायचेच. दुखतात हे मला ठाऊक होतं, पण दुखण्यानं माप बदलतं हे काही डोक्यात आलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी बोटातली अंगठी निघेना म्हणून सोनाराकडं जाऊन कापून घ्यावी लागली, तेव्हासुद्धा उजेड पडला नाही.

आठ मिलिमीटर म्हणजे काय, ते पोरानं लगेच मांडून दाखवलं. आमच्याकडं येणाऱ्या पिकअपचा वरचा सेट एका बाजूला मिलिमीटरमागं साधारण चार किलो घेतो. आठ चोक बत्तीस, दोन्ही बाजूंचे चौसष्ट. म्हणजे गेल्या काही वर्षांत मी बसवलेला प्रत्येक हेल्पर आणखी एक अख्खा माणूस गाडीत चढून बसेपर्यंत कामाला लागतच नव्हता. पोरगं हे मान खाली घालून सांगत होतं. हसलं असतं तर बरं झालं असतं.

हेल्परनं कधी टेकावं, या एका गोष्टीनं माझा जेवढा जीव खाल्ला तेवढा कशानंच नाही. बाकीचं काम कष्टाचं आहे, अवघड नाही. बसलेल्या पाट्याला कमान देणं, बुश ठोकणं, सेंटर बोल्ट नवा घालणं, यू बोल्ट कधीच जुने न वापरणं, हे कुठल्याही मिस्त्रीला झोपेत जमतं. ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीचं तर त्याहून सोपं. ती एक तर गच्च भरलेली असते, नाही तर रिकामी, आणि रिकामी उडाली तर उडू दे, आत कोण बसलंय? माल वाहणाऱ्या पिकअपचंही तसंच.

लांबच्या सफरीला निघणाऱ्या पिकअपचं तसं नाही. मागच्या हौद्यावर कॅनोपी, टपावर तंबू, दोन स्टेपन्या, फ्रिज, जादा बॅटरी, पाण्याचा ड्रम, डिझेलचे कॅन. यातलं निम्मं वजन कायमचं असतं आणि निम्मं रोज कमी होत जातं. साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो, ते संपतं. डिझेलचं लिटर साधारण साडेआठशे ग्रॅम भरतं, ते जळतं. निघाल्या दिवशी हेल्पर छान टेकलेला असतो, गाडी डुलत जाते, मालक फोन करून शाबासकी देतो. चौथ्या-पाचव्या दिवशी मागचं शंभरेक किलो उतरलेलं असतं आणि हेल्पर नेमका उंबऱ्यावर येऊन उभा राहतो. टेकलेलाही नाही आणि सुटलेलाही नाही. खडबडीत रस्त्यावर दर खळग्याला टेकतो, सुटतो, टेकतो. आत बसलेल्याला वाटतं की काहीतरी सैल झालंय. तो दर दहा किलोमीटरला उतरून खाली वाकून बघतो, त्याला काही दिसत नाही. सैल काहीच नसतं.

फट कमी ठेवली तर हेल्पर लवकर टेकतो, पण मग घरी परत आल्यावर रिकामी गाडी स्पीडब्रेकरवर लाथ मारते आणि मालकाची बायको माझ्या नावानं बोटं मोडते. जास्त ठेवली तर भरल्या गाडीत वरचे पाटेच सगळं सोसतात, मग रबरी गुटक्यावर धाडधाड आपटतात. मी हेल्परची टोकं ग्राइंडरनं उतरती करून बघितली, म्हणजे टेकणं एकदम न होता सरकत सरकत व्हावं. टोकाखाली रबर लावलं, ते दोन हजार किलोमीटरमध्ये कुटून गेलं. एकदा तर चिडून हेल्पर काढून टाकला आणि वरच्या सेटमधला आठ मिलिमीटरचा एक पाटा काढून तिथं दहाचा घातला. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनानं वाढतो. आठाचा दहा केला की तो पाटा जवळजवळ दुप्पट कडक होतो. मला हे पुस्तकातून नव्हे, त्या गाडीच्या मालकाच्या कंबरेतून कळलं.

माझे वडील बैलगाडीच्या चाकांना धावा बसवायचे. गाडीला कमान नसायची. बसणाऱ्यानं सोसायचं असं ठरलेलंच होतं. कोल्हापुरातल्या टांग्यांना मात्र कमानी असायच्या. वडील त्या दुरुस्त करून द्यायचे आणि दुरुस्त केल्यावर स्वतः मागं बसून रंकाळ्यापर्यंत जाऊन यायचे. त्यांना टांग्याचं भाडं पडायचं नाही, एवढाच त्यात हेतू असावा असं मला लहानपणी वाटायचं. आता वाटतं, त्यांनाही हाच प्रश्न पडला असणार: एक सवारी आणि चार सवाऱ्या एकाच कमानीत कशा बसवायच्या?

आमच्या धंद्यात आता नवी मंडळी आलीत. ती गाडी उचलून देतात. लांब शॅकल घालतात आणि म्हणतात, घ्या, ताकद वाढली. शॅकल चार इंच लांब केलं तर मागची बाजू फार तर दोन इंच वर येते, वजन उचलायची ताकद होती तेवढीच राहते. गिऱ्हाईक फोटो काढून खूष होतं. दुसरे हवेचे फुगे घालतात. फुगा मी वाईट म्हणणार नाही, थोड्या वजनाला तो ठीक आहे. पण पाटा चेसिसला दोन टोकांना धरून असतो, फुगा मधे एकाच जागी धक्का देतो. मागं लटकणारं वजन भरपूर, त्यात रस्ता खराब, आणि फुगा दगडासारखा फुगवलेला, अशी गाडी चालली की एक दिवस चेसिस केबिनच्या मागं वाकते. मी असं चेसिस बघितलंय. केळीच्या घडासारखं.

ऑस्ट्रेलियातल्या तयार पाट्यांवर मी बरीच वर्षं तोंडसुख घेतलं. एआरबी ही मेलबर्नची कंपनी, १९७५ची, त्यांचे ओल्ड मॅन इमूचे सेट इकडंही येतात. लोक त्यांचा खोका उघडतानासुद्धा व्हिडिओ काढतात, आणि माझा पाटा गोणपाटात गुंडाळून जातो. मत्सर नाही तर काय? पण एक सेट हातात आला तेव्हा नीट बघितला. काम चोख आहे हे मान्य करावं लागलं. आणि त्याहून जास्त मनाला लागलं ते हे की ते लोक गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारतात: गाडीवर कायमचं वजन किती? मी आयुष्यभर विचारत आलो, कुठं निघालात?

ब्रेकचंही सांगून टाकतो, कारण यात माझीच चूक होती. कित्येक पिकअपना मागच्या एक्सलपासून चेसिसपर्यंत एक बारीक काडी असते, ती वजन ओळखणाऱ्या ब्रेकच्या व्हॉल्व्हला जोडलेली. गाडी मागून बसली की व्हॉल्व्हला कळतं, माल आहे, मागच्या चाकांना ब्रेक जास्त द्या. मी पाटे चढवून गाडी दोन इंच वर आणली, काडीला हात लावला नाही. व्हॉल्व्ह समजला की गाडी रिकामी आहे. करूळ घाटात भरली गाडी घेऊन उतरताना माझ्या पायाखाली ब्रेक नेहमीपेक्षा लांब गेला. मी वळणाच्या आत थांबलो, एवढंच. तेव्हापासून काडीचं सेटिंग झाल्याशिवाय गाडी दुकानाबाहेर जात नाही. आणि पाटे कितीही जाड केले तरी आरसी बुकातलं एकूण वजन वाढत नाही, ब्रेक, बेअरिंग आणि एक्सल तेच असतात, हे मी आता आधीच सांगतो. दोन-तीन गिऱ्हाइकं त्यामुळं उठून गेली.

आता डॉक्टरांच्या गाडीबद्दल. सांगलीचे दातांचे डॉक्टर, त्यांची इसुझू व्ही-क्रॉस. नवरा-बायको दोघंच लडाखला निघाले होते. मी नवा सेट बांधला, मनापासून बांधला. फट दोन बोटं. आणि बांधून झाल्यावर नेहमीप्रमाणं मेन पाट्यावर, यू बोल्टच्या वीतभर पुढं, पंचानं माझी अक्षरं ठोकली. ही खोड मला चाळिशीत लागली. वाकून बघणाऱ्याला दिसतील अशी वरच्या अंगाला, ठळक. दुसऱ्या मिस्त्रीकडं गाडी गेली तर त्यालाही कळावं, हे कुणाचं काम.

मनालीच्या पलीकडं सरचू ओलांडलं, गाटा लूप्सची एकवीस वळणं चढली, आणि पांगच्या अलीकडं मेन पाटा गेला. फोनवर फोटो आला तेव्हा मी दुकानात चार माणसांसमोर म्हणालो, रस्ताच तसला आहे, शिवाय डॉक्टर ऐकत नाहीत, ड्रम पार शेवटाला बांधलाय. ड्रमचं खरं होतं. एक्सलच्या मागं मीटरभर बांधलेलं साठ किलो पाणी मागच्या एक्सलवर ऐंशी किलो होऊन बसतं आणि पुढची चाकं वीस किलोनं हलकी करतं. पण पाटा त्यानं तुटला नव्हता. एका ट्रकवाल्यानं एक्सल आणि चेसिसच्या मधे लाकडाचा ठोकळा घालून साखळीनं आवळून दिलं, तसेच ते रांगत लेहला गेले. तिथल्या मिस्त्रीनं ट्रकचा जुना पाटा कापून बसवला. त्याच्यावर ते कोल्हापूरपर्यंत आले. मी तो काढून बघितला. भोक जरा तिरकं होतं, एवढी एकच खोट मला सापडली. बराच वेळ शोधल्यावर.

माझा तुटलेला पाटा डॉक्टरांनी सोबत आणला होता. पोरानं तोंड घासून उजेडात धरलं. तुटलेल्या तोंडाच्या वरच्या कडेला नखाएवढा अर्धचंद्र, गंजून काळा पडलेला. बाकीचं सगळं ताजं, करडं, खडीसाखरेसारखं. म्हणजे चीर जुनी होती, किलोमीटरागणिक आत सरकत आलेली, आणि पांगजवळ फक्त शेवटचा तुकडा सुटला. मग त्यानं पाटा उलटसुलट केला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. अर्धचंद्र माझ्याच एका अक्षराच्या तळातून निघाला होता.

भरल्या पाट्याचं वरचं अंग ताणात असतं. तिथं ग्राइंडरचा ओरखडासुद्धा पडू देऊ नको म्हणून मी या पोराला दोनदा शिव्या घातल्यात. आणि तिथंच मी पंच ठोकत होतो, पंचवीस वर्षं. आधीच्या वर्षांतले पाटे का तुटले नाहीत? बहुतेक त्यांचा हेल्पर वेळेवर टेकत होता म्हणून. या पाट्याला दोन्ही मिळालं: सुजलेली बोटं आणि माझं नाव.

दोन दिवस मी दुकानात गेलो नाही. घरी सांधेदुखीचं कारण सांगितलं, ते अर्धं खरं होतं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करून पैसे परत घ्या म्हटलं. ते म्हणाले, "मिस्त्री, पैसे राहू द्या, दुसरा सेट बांधा. नाव घालू नका." दंतवैद्य आहेत, त्यांना नेमकं कुठं खुपसायचं ते कळतं.

या खेपेला पोरानं काट्याचा हट्ट धरला. आमच्या भागात वजनकाट्याला तोटा नाही आणि त्यावर विश्वास ठेवणारा शेतकरीही नाही. मी म्हटलं, काटा कशाला, मी नजरेनं सांगतो. मागं १,४०० असेल. गाडी पूर्ण भरायला लावली, पाणी, डिझेल, गॅसचं सिलिंडर, दोघंही आपापल्या जागी. आधी पुढची चाकं काट्यावर: १,१८०. मग अख्खी गाडी: २,७४०. मागं १,५६०. माझी नजर १६० किलोनं चुकली. पोरगं म्हणालं, "मामा, काटा खोटा असेल." त्याचा चांगुलपणा मला सहन झाला नाही.

मग पाणी ओतून दिलं, निम्मं डिझेल काढलं, परत वजन. असं तीनदा. मधल्या वजनाला, म्हणजे त्यांच्या पाचव्या दिवसाच्या वजनाला, हेल्पर ठामपणे टेकलेला राहील अशी फट पोरानं काढली. ती निघाली २७ मिलिमीटर. दोन बोटंही नव्हेत, एक बोटही नव्हे. रिकामी गाडी त्यामुळं थोडी कडक लागते, ते आम्ही डॉक्टरांना सांगून टाकलं. वर्षातले महिना-दीड महिना ते भरून फिरतात, बाकीचे दिवस सांगलीतल्या स्पीडब्रेकरवर सोसायला दोघं तयार आहेत. ड्रम केबिनला चिकटवून घेतला. पंच मी भट्टीच्या मागं टाकला आहे, फेकलेला नाही.

प्रश्न सुटला असं मी म्हणत नाही. २७ ही त्या गाडीची, त्या दोघांची, त्यांच्या सामानाची फट आहे. दिवाळीत त्यांचा मुलगा बरोबर जाणार म्हणतो.

तेव्हा लांब निघणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे की गाडी रिकामी आणून "मिस्त्री, पाटे वाढवा" म्हणू नका. भरून आणा. पाणी, डिझेल, तंबू, बरोबर येणारी माणसं, सगळं घेऊन या. आमच्या शेजारचा काटा सकाळी आठला उघडतो.