घोलवडचा चिकू
डहाणू-तलासरी पट्ट्यात ‘चिकू गोड आहे का?’ असे विचारू नये. पाहुण्याचे एक फळ संपते न संपते तोच दुसरे हातात येते आणि निकालही मिळतो: ‘बाजारात मिळतो तो चिकू, हा घोलवडचा!’ हे झाड मूळचे मध्य अमेरिकेतले, असे सांगून पाहावे. ‘असेल, पण गोडी इथलीच’ हे उत्तर तयार असते. २०१६ मध्ये ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन लाभले आणि या कौतुकावर सरकारी मोहोर उमटली. आता प्रश्न आपल्या पेढीचा आहे. दुसरीकडचा माल याच नावाने खपविणे हा तत्त्वार्थसूत्रात सांगितलेला ‘प्रतिरूपक व्यवहार’, अचौर्य अणुव्रताचा अतिचार होय. पाटीवर घोलवड लिहिले, तर टोपलीतही घोलवडच असावे.