सोळाच्या आतली मुलं

मेलबर्न, बुधवार, 26 नोव्हेंबर 2025
नव्या कायद्यामुळे 10 डिसेंबरपासून ऑस्ट्रेलियातल्या सोळा वर्षांखालच्या मुलांची इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, टिकटॉक, यूट्यूबवरची खाती बंद होणार. लेक पंधराची. जेवता जेवता तिने ताट बाजूला सारलं. "आई, आता मला एकही मैत्रीण उरणार नाही. सरकारला आम्ही सगळी बिनडोकच वाटतो." एकही नाही, सगळी, आणि वर दुसऱ्याच्या मनातलं ओळखल्याची खात्री! राग खरा आहे, पण विचार पार टोकाला गेलेला.
तिच्याच वयाच्या दोघांनी कायद्याला हायकोर्टात आव्हान दिल्याची बातमी मी तिला वाचून दाखवली. मला ती मुलं आवडली. कोर्टात 'सगळे वाईट' म्हणून भागत नाही, मुद्दा मांडावा लागतो.

रविवार, 30 नोव्हेंबर
कोर्टात गेलेल्या त्या दोघांवरून आठवलं, 2018 साली याच तारखेला देशभरची हजारो शाळकरी मुलं हवामान बदलावर कृती करा म्हणत वर्ग सोडून रस्त्यावर उतरली होती. पंतप्रधान स्कॉट मॉरिसन चारच दिवस आधी संसदेत म्हणाले होते, शाळांत शिकणं जास्त हवं, चळवळी कमी. मुलं हटली नाहीत. मोकळीक हिरावली जातेय असं वाटलं की माणूस तिलाच घट्ट धरतो, हे जॅक ब्रेहम या मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये मांडलं होतं. पण नुसती चीड असती तर घरोघरी दारं आपटली गेली असती, एवढंच. या मुलांनी क्वीन्सलँडमधल्या अदानींच्या कोळसा खाणीला विरोध केला, सरकारकडे नेमक्या मागण्या केल्या. हट्टाला दुसऱ्याची काळजी जोडली गेली की त्याचं असं बळ होतं.

शुक्रवार, 5 डिसेंबर
इन्स्टाग्रामने कालपासूनच खाती बंद करायला घेतलीत. "स्नॅपचॅटने वय तपासलं तर कॅमेऱ्यासमोर तू बस ना!" मी नाही म्हटलं. मग विचारलं, "दंड कंपन्यांना आहे, 4 कोटी 95 लाख डॉलरपर्यंत. मुलांना नाही, आईबापांनाही नाही. मग तुम्हाला चोर कोण समजतंय?" ती गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाली, "वर्गात नवी आलेली ती मुलगी फक्त ग्रुपवरच बोलते गं. तिचं काय?"

मंगळवार, 9 डिसेंबर
लेकीच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर हिरव्या पेनाने नंबर उतरवलेत, अख्ख्या वर्गाचे. काहींच्या पुढे कंसात 'आईचा'. सगळ्यात वर त्या नव्या मुलीचा, दोनदा गिरवलेला. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं असतं तर वही फेकलीच असती.

बुधवार, 10 डिसेंबर
कायदा लागू झाला. तिला तो अजूनही चूकच वाटतो, आणि मत बदल असं मी तिला म्हणणार नाही. आमच्या भागाच्या खासदारांना तिने पत्र लिहिलंय. त्यात 'सगळे' नाही, 'कधीच' नाही. एकच मागणी आहे: पुढचा नियम करण्याआधी आमच्या शाळेत या, आमच्याशी बोला. मागणी रास्त आहे.