चला, एक दिवस पायी!

"पायी फिरायला चला" असे शेतकऱ्याला म्हटले की तो हसतो. "तिफणीमागे जन्म गेला, आणखी कशाला पाय तुडवायचे?" तुम्हीही हेच म्हणाल. पण तिफणीमागे चालताना नजर तासावर असते. घरच्या बाईचे चालणे तर रान, पाणी आणि चूल यांच्यातच संपते. मान वर करून, गप्पा मारीत, दहा-पंधरा जणांनी मिळून चालणे आपल्या वाट्याला किती येते? सकाळी निघावे, दिवेलागणीला घरी यावे, एवढाच हा बेत.

इंग्लंडला लागून वेल्स नावाचा डोंगराळ, मेंढपाळांचा मुलूख आहे. तिथे २०१२ साली समुद्रकाठाने सुमारे १४०० किलोमीटरची पायवाट खुली झाली. सुट्टीच्या दिवशी तिथली मंडळी गटाने चालायला निघतात. वाट किती लांब, चढ किती, हे आधीच सांगतात: सोपी, मध्यम की अवघड. ज्याने त्याने आपले गुडघे ओळखून यावे! आपल्याला वारी ठाऊक आहे, पण वारीला दिवस मोडतात. एका दिवसाच्या वाटा आपल्या नांदेड-लातुरातही आहेत. त्या अशाच चढत्या क्रमाने सांगतो.

पहिली वाट कंधारची. नांदेडहून सुमारे ५० किलोमीटर एस.टी.ने जावे. किल्ला भुईकोट, म्हणजे चढ जवळजवळ नाहीच. भोवती खंदक आहे. दहाव्या शतकातल्या राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाशी या गावाचे नाव जोडलेले आहे. किल्ला पाहून जगत्तुंग तलावाच्या काठाने फिरावे. हजार वर्षांपूर्वी आपल्या कोरडवाहू मुलखात पाणी अडवण्याची अक्कल होती, हे तिथे उभे राहिल्यावर पटते. आजी-आजोबा आणि लहान मुले यांना घेऊन जाण्याजोगी ही वाट आहे.

दुसरी खरोशाची. लातूर जिल्ह्यात औसा-निलंगा बाजूला हे गाव आहे. तिथल्या टेकडीत जांभ्या दगडात कोरलेली लेणी आहेत, सहाव्या शतकाच्या सुमाराची. शिव-पार्वती, नरसिंह, कार्तिकेय अशा मूर्ती दिसतात. जांभा मऊ असल्याने पुष्कळ झिजल्या आहेत. हात लावून आणखी झिजवू नका. चढ थोडा, पण उन्हात दगड तापतो. सकाळीच जावे.

तिसरी वाट बेटांची. बेट म्हणजे पाण्यातले नव्हे. सपाट रानात एकटाच उठलेला डोंगर, त्याला आपण बेट म्हणतो. चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथचे बेट औषधी वनस्पतींसाठी नावाजलेले आहे. जाणता माणूस बरोबर घ्या, पाने ओळखायला शिका, पण मुळासकट काही उपटू नका. उदगीर तालुक्यात देवर्जनजवळ हत्तीबेट आहे. तिथे गंगाराम महाराजांची समाधी आणि कोरीव गुहा आहेत. निजामी राजवटीत रझाकारांशी लढणाऱ्यांनी या बेटाचा आसरा घेतला होता. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, तो धडा मुलांना पुस्तकापेक्षा इथे चांगला कळेल. ही वाट मध्यम समजा.

सहस्रकुंडाचे वेगळेच आहे. पैनगंगा काळ्या कातळावरून कोसळते ते पाहायला पावसाळ्यात जावे. चालणे थोडे, पण धोका मोठा. वरच्या अंगाला इसापूरचे धरण आहे. इथे ऊन असले तरी वरून पाणी वाढू शकते. ओल्या कातळावर पाय टाकू नका, फोटोच्या नादी तर मुळीच लागू नका.

सगळ्यांत दमवणारे माहूर. रेणुकामातेचा, दत्तशिखर आणि अनसूयामातेचा असे तीन डोंगर, भोवती सागाचे रान. वाहनाने जाता येते. पण तिन्ही ठिकाणे एका दिवसात पायी करायची म्हणजे तयारीचे पाय हवेत.

इथेच आमच्याकडून एक चूक झाली, ती सांगायला लाज वाटते. आम्ही गावचे चौदा जण निघालो. तरणी पोरे पुढे पळाली, मीही त्यांच्या नादाने पुढे गेलो. दत्तशिखरावर पोचून डोकी मोजली तर तेराच. शेजारचे आबा नव्हते. पाण्याच्या बाटल्या सगळ्या आमच्याकडे! धावत मागे आलो तर आबा एका झाडाखाली बसलेले, ओठ सुकलेले, डोळ्यांपुढे अंधारी. पाणी पाजले, सावलीत निजवले, तासाभराने माणसात आले. म्हणाले, "मला ओरडायची लाज वाटली रे. वाटलं, तुमच्या आनंदात माझा खोडा कशाला?" घरी येताना कुणी बोलले नाही.

तेव्हापासून आमचा नेम ठरला, तुम्हीही तो पाळा. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवावे. बाकीच्यांनी त्याच्या पावलाने चालावे. एक भरवशाचा माणूस शेवटी असावा. दर थांब्याला डोकी मोजावीत. पाणी ज्याचे त्याने आपल्या खांद्यावर घ्यावे. शिदोरीला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पुरे. नवी चप्पल घालून निघू नये. दुपारी गडगडू लागले तर माथ्यावरून खाली यावे, एकट्या झाडाखाली उभे राहू नये.

खुरपणी उरकली, की सोयाबीन काढणीला येईपर्यंत मध्ये थोडी उसंत असते. रबीची पेरणी झाल्यावरही एखादा दिवस निघतो. त्या दिवशी बायकांनाही घेऊन जा, चूल एक दिवस थंड राहिली तर बिघडत नाही. आणि घरातल्या म्हाताऱ्याला आधी विचारा. तो "नको" म्हणेल. त्याला कंधारची वाट सांगा, आणि तुम्हीच आमच्या पुढे चालायचे आहे, असे म्हणा. आमचे आबा गेल्या खेपेला कंधारला सगळ्यांच्या पुढे होते.