पुस्तक पारखणाऱ्या बाई

अमेरिकेच्या इतिहासाचं पुस्तक कसं पारखावं, हे मला डोंबिवलीच्या एका निवृत्त प्राध्यापक बाईंनी शिकवलं. मी कल्याणच्या एका महाविद्यालयात नव्याने लागलो होतो. तृतीय वर्षाला अमेरिकेचा इतिहास शिकवायचा होता आणि पुस्तकांची यादी द्यायची होती. कुणीतरी बाईंचं नाव सुचवलं, म्हणून त्यांच्या टिळकनगरातल्या घरी गेलो. माझी यादी त्यांनी न वाचताच बाजूला ठेवली. म्हणाल्या, "यादी काय दाखवतोस? पुस्तकं घेऊन ये."

मग रविवारी दुपारी पिशवीभर पुस्तकं घेऊन जायचं, असं ठरूनच गेलं. बाई कुठलंही पुस्तक पहिल्या पानापासून वाचू देत नसत. आधी १८६५ ते १८७७ काढायला लावत. कारण विचारलं, तर जोतिराव फुल्यांचं 'गुलामगिरी' पुढे केलं. १८७३ सालचं ते पुस्तक जोतिरावांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं आहे. तेव्हा तिथे पुनर्रचनेचा काळ चालू होता. गुलामगिरी घटनेने रद्द झाली होती, काळ्या पुरुषांना मताधिकार मिळाला होता, त्यांचे प्रतिनिधी काँग्रेसमध्ये बसत होते. चारच वर्षांनी, १८७७ मध्ये, दक्षिणेतल्या सरकारांच्या पाठीशी उभं असलेलं केंद्राचं सैन्य मागे घेतलं गेलं आणि मिळालेले हक्क एकेक करून हिरावले जाऊ लागले. "जोतिरावांनी ज्यांचा गौरव केला, त्यांच्या देशात पुढे काय झालं? हे ज्यातून कळत नाही, ते पुस्तक आपल्या वर्गाच्या कामाचं नाही."

एकदा त्यांनी मॉरिसन आणि कॉमेजर यांच्या 'द ग्रोथ ऑफ द अमेरिकन रिपब्लिक'च्या दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवल्या. पुस्तक मूळ १९३० चं, नावाजलेलं. जुन्या आवृत्तीत गुलामांना फारसा जाच नव्हता, ते एकंदरीत सुखातच होते, अशा अर्थाचा मजकूर होता. काळ्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी वर्षानुवर्षं आक्षेप घेतले, तेव्हा कुठे १९६२ च्या आवृत्तीत तो गेला. आमच्याकडच्या कपाटात कोणती प्रत आहे हे बघून यायला त्यांनी मला लगेच पिटाळलं. नुसतं शीर्षक लिहून भागत नाही, आवृत्तीचं साल लिहायचं, ही सवय तेव्हापासूनची.

ड्यू बॉइस यांच्या १९३५ च्या 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन'चं शेवटचं प्रकरणही त्यांनीच वाचायला लावलं. अमेरिकेतली पाठ्यपुस्तकं या काळाबद्दल मुलांना काय शिकवतात, याची झाडाझडती त्यात आहे. काळ्यांना मताधिकार देणं हीच चूक होती, असं मांडणाऱ्या डनिंग यांच्या परंपरेवर ड्यू बॉइस यांचा रोख होता. हे डनिंग कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक होते आणि १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब त्याच विद्यापीठात शिकत होते. बाई एवढंच सांगून थांबत. पुढचा विचार माझा मी करायचा.

हॉवर्ड झिन यांचं १९८० चं 'पीपल्स हिस्टरी' मला फार आवडलं होतं. कोलंबसाचं येणं ते बेटावरच्या मूळ रहिवाशांच्या बाजूने सांगतं. बाईंना ते एकट्याने लावणं मान्य नव्हतं. "हा माणूस भांडतोय. कुणाशी भांडतोय हे मुलांना आधी कळू दे."

शेवटची परीक्षा भाषेची. शहापूर-मुरबाडहून येणाऱ्या, बारावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलाला एक पान मोठ्याने वाचायला द्यायचं आणि मग पुस्तक मिटून सांगायला लावायचं. जे सांगता येत नाही, ते पान त्याच्यासाठी लिहिलेलंच नाही. पुस्तकात नसलेलं वर्गात आपण घालायचं, हाही त्यांचाच दंडक. यादवी युद्धात अमेरिकेचा कापूस अडला, मुंबईत कापसाचे भाव भडकले, शेअरांचा सट्टा पेटला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं, म्हणजे त्या धामधुमीतलंच. हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात, असं त्या म्हणत. मी ते पाहिलं आहे.

आता माझ्या यादीत 'ओपनस्टॅक्स'चं फुकट मिळणारं पुस्तक मुख्य आहे, कारण ते मुलांना मोबाइलवर, लोकलमध्येही वाचता येतं. झिनची निवडक प्रकरणं त्याच्या जोडीला. यादी बाईंना दाखवली. त्यांनी १८६५ ते १८७७ तपासलं, साल तपासलं आणि विचारलं, "यात मराठीत काय आहे?"

त्या प्रश्नापायी पुनर्रचनेवरचं प्रकरण मराठीत लिहायला घेतलं. पहिला खर्डा त्यांच्या लाल पेन्सिलीच्या खुणांनी भरून परत आला आहे. दुसरा चालू आहे.