नाव बदलले, नगर तेच!

2024 मध्ये आपल्या जिल्ह्याचे नाव अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. अहिल्यादेवी होळकरांचे जन्मगाव चौंडी आपल्याच जामखेड तालुक्यातले, हे तुम्हाला माहीत आहेच. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. पण पाथर्डीची आमची आजी आजही "नगरला जाऊन येते" म्हणते आणि बरोबर नगरलाच उतरते. तोंडातले नाव एक, कागदावरचे दुसरे. कागदावरचे बदलले तरी आजीचे काही अडत नाही. आमच्या रोबोटचे मात्र अडले!

रोबोट म्हणजे हात-पाय हलवणारा नव्हे बरं का. 'रोबोटिक प्रोसेस ऑटोमेशन' म्हणजे कारकुनासारखे स्क्रीनवर काम करणारे सॉफ्टवेअर. एक्सेलमधली ओळ वाचायची, फॉर्म उघडायचा, रकाने भरायचे, बटण दाबायचे. ना चहा, ना सुट्टी! पण बटण कुठे आहे हे त्याला सांगावे लागते. त्या पत्त्याला 'सिलेक्टर' म्हणतात. कोणती विंडो, कोणता रकाना, त्यावर काय लिहिले आहे, असा तो पत्ता. पत्ता बदलला की पोस्टमन परत!

फायनल इयरला आम्हाला सीनियर्सचा प्रोजेक्ट वारशाने मिळाला. होस्टेलच्या मुलांची माहिती सरावाच्या फॉर्ममध्ये भरणारे 9 वर्कफ्लो. प्रत्येकात जिल्हा निवडायची वेगळी तऱ्हा. काहींत जिल्ह्याचे नाव शोधून क्लिक, तर काहींत सरळ खालच्या बाणाची कळ ठरावीक वेळा दाबायची. डेमोच्या आठवडाभर आधी गाईड सरांनी फॉर्ममधली 36 जिल्ह्यांची यादी नव्या नावांनी लावली आणि म्हणाले, "चालवा आता."

नाव शोधणारे वर्कफ्लो लगेच थांबले. 'अहमदनगर सापडत नाही' म्हणून लाल अक्षरांत बोंब ठोकली. बाण दाबणारे मात्र आनंदाने शेवटपर्यंत चालले. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग रूम पार्टनरने स्वतःची नोंद उघडली. तो आष्टीचा, जिल्हा बीड. फॉर्ममध्ये जिल्हा होता भंडारा!

कारण सोपे आहे. आमची यादी इंग्रजी वर्णक्रमाने होती. जुन्या यादीत अहमदनगर, अकोला, अमरावती, औरंगाबाद आणि पाचवे बीड. औरंगाबादचे नाव 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले, म्हणजे ते 'ए'मधून उठून 'सी'मध्ये गेले. बीड चौथे झाले, पाचव्या जागी भंडारा आले. आपले नगर पहिले होते, पहिलेच राहिले, म्हणून नगरच्या पोरांच्या नोंदी बरोबर दिसल्या आणि कुणाला शंकाच आली नाही.

सगळे हसले, पार्टनर हसला नाही. त्याचे शिक्षण स्कॉलरशिपवर चालते. तो एवढेच बोलला, "खरा फॉर्म असता तर मला कधी कळलं असतं? यादी लागल्यावर?" त्या रात्री मेसमध्ये आमच्या टेबलावर फारसे कुणी बोलले नाही.

यावर उपाय आहे 'ऑब्जेक्ट रिपॉझिटरी'. युआयपाथ या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे. स्क्रीनवरचे रकाने, बटणे, याद्या यांचे सिलेक्टर वर्कफ्लोमध्ये विखरून ठेवायचे नाहीत. एकाच जागी मांडायचे: आधी अ‍ॅप्लिकेशन, मग त्याचे व्हर्जन, मग स्क्रीन आणि स्क्रीनखाली एकेक एलिमेंट. प्रत्येकाला आपण नाव द्यायचे. वर्कफ्लो फक्त ते नाव घेतो, आजी 'नगर' म्हणते तसे. मागचा पत्ता बदलला तर एकाच जागी दुरुस्ती. हाच संच लायब्ररी म्हणून पब्लिश केला की दुसऱ्या प्रोजेक्टलाही वापरता येतो.

आम्ही 4 रात्री जागून 9 वर्कफ्लोंतले सिलेक्टर एकत्र केले. तेव्हा कळलेल्या काही गोष्टी ज्युनियर्ससाठी सांगतो. एलिमेंटला 'बटण 1', 'बटण 2' अशी नावे देऊ नका, सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही. 'जिल्हा यादी', 'अर्ज जमा करा' अशी कामाची नावे द्या. लायब्ररीची नवी आवृत्ती पब्लिश केली म्हणजे झाले असे नाही. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये जाऊन ती आवृत्ती घ्यावी लागते. आणि जागेवरून निवड करणे शक्यतो टाळाच. रिपॉझिटरीत पत्ताच 'पाचवी ओळ' असा लिहिलात तर बीडचे भंडारा पुन्हा होणारच. थांबून ओरडणारा रोबोट परवडला, गुपचूप चुकणारा नको.

डेमोला सरांनी आम्हाला न सांगता यादीत 'जिल्हा' ऐवजी 'आपला जिल्हा' असे लेबल केले. रोबोट थांबला. आम्ही एक सिलेक्टर बदलला, 2 मिनिटांत 9 ही वर्कफ्लो सुरू! सर काही बोलले नाहीत, फक्त सही केली. पार्टनरने मात्र आधी स्वतःची ओळ तपासली, आणि मगच आम्हाला चहा पाजला.