साखर आधी सांगायची

सिंगापुरात दिवाळीला थंडी नसते. ऑक्टोबर सरता सरता रोज दुपारी आभाळ भरून येते, विजा कडाडतात, तासाभरात रस्ते धुऊन निघतात आणि मग काँक्रीटमधून कोमट, दमट, किंचित गंजका वाफारा उठतो. पहाटे उठून अभ्यंगस्नान केले तरी ते कुडकुडत नव्हे, घामेजतच. सुट्टीही एकच, बहुधा नरक चतुर्दशीची, कारण इथली सरकारी दिवाळी तमिळ पंचांगाने चालते, आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्यासारखे लोक ऑफिसच्या पिशवीत लाह्या-बत्तासे सांभाळत एमआरटीच्या गाडीत उभे असतात. पण माझ्या इथल्या सुरुवातीच्या दिवाळ्यांना उटण्याच्या जोडीला आणखी एक वास होता: सोल्डरबरोबर वितळणाऱ्या राळेचा, नाकात जाऊन बसणारा, डोळ्यांना हलकेच चुरचुरवणारा, शर्टाच्या बाहीत दोन धुण्यांनंतरही शिल्लक राहणारा. वर्षअखेरीच्या मालाची घाई नेमकी याच आठवड्यांत यायची, आणि मी सांगलीच्या वालचंद कॉलेजातून निघून, पुण्यात थोडा घासून-पुसून, आयर राजाकडच्या एका जुन्या औद्योगिक इमारतीत बूटलोडर लिहायला येऊन पडलो होतो.

बूटलोडर म्हणजे यंत्राला वीज मिळाल्याबरोबर सर्वांत आधी जागा होणारा प्रोग्राम. तो मेमरी चालू करतो, घड्याळे लावतो, सीरियल पोर्टवर दोन शब्द बोलतो, लिनक्सला उठवतो आणि स्वतः निघून जातो. नीट काम केले तर त्याची आठवणही कुणाला राहत नाही. आमचा बूटलोडर होता यू-बूट. १९९९ च्या सुमारास मॅग्नस डॅम यांनी मोटोरोलाच्या एका पॉवरपीसी प्रोसेसर घराण्यासाठी लिहिलेला लहानसा प्रोग्राम वोल्फगांग डेंक या जर्मन गृहस्थांनी पुढे उचलला, त्याला पीपीसीबूट म्हटले, आणि पॉवरपीसीखेरीज इतर प्रोसेसरही त्यात येऊ लागले तेव्हा, २००२ च्या नोव्हेंबरात, त्याचे यू-बूट झाले. म्युनिकजवळ बसून हा माणूस सगळ्या जगाच्या बोर्डांची उठवाउठव करतो आहे, याचे मला तेव्हा फार अप्रूप होते. आमचे स्वतःचे यंत्र म्हणजे बंदरातल्या क्रेनवर बसवायची एक काळी पेटी, कंपने आणि तापमान मोजणारी. घरी आईला फोनवर मी मात्र ‘सिंगापूर बंदराचं काम करतो’ असे सांगत असे, आणि ती ते गल्लीत आणखी थोडे वाढवून सांगत असे.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर कोपीटियाम, म्हणजे कॉफीचा अड्डा, होता, आणि मालवाहू लिफ्टचे दार उघडले की साखर अन् मार्गारीन घालून भाजलेल्या कोपीच्या बियांचा जळका-गोड वास आधी आत शिरायचा, माणसे नंतर. नुसते ‘कोपी’ म्हटले तर कंडेन्स्ड मिल्क घालून, ‘कोपी-ओ’ म्हणजे दुधाशिवाय पण साखरेसकट, ‘सी’ म्हटले तर डब्यातले पातळ दूध, ‘सिऊ दाई’ म्हणजे गोड कमी, ‘कोसोंग’ म्हणजे साखर नाहीच. आणि हे सारे गल्ल्यामागच्या अंकलला आधीच सांगायचे, कारण घट्ट दूध जाड चिनीमातीच्या पेल्याच्या तळाशी पहिल्यांदा पडते, वरून कापडी गाळण्यातली काळी धार येते, आणि एकदा चमचा फिरला की गोडी काही परत काढता येत नाही. यू-बूटचा कारभार असाच होता. काही गोष्टी नंतरही बदलता यायच्या: यंत्र उठण्याआधी किती सेकंद थांबावे, लिनक्स नेटवर्कवरून उचलावे की फ्लॅशमधून, हे सीरियलच्या काळ्या पडद्यावर टंकून जपून ठेवता येई. पण मुळात नेटवर्क येते की नाही, यूएसबी कळते की नाही, अमुक आज्ञा त्याला ठाऊक आहे की नाही, हे सगळे बिल्डच्या वेळीच ठरायचे. फ्लॅशमध्ये त्याच्या वाट्याला येई जेमतेम २५६ किलोबाइट. हौसेने काही घालायला गेले की दुसरे काही काढावे लागे, आणि या घालण्या-काढण्यातच माझी पंचविशी गेली.

ते ठरायचे हेडर फाइलीत. प्रत्येक बोर्डाची एक फाइल, तिच्यात शेकडो हॅश डिफाइन, एकाखाली एक, टॅबने सरळ रांगेत लावलेले. फाइल कोरी कुणीच लिहीत नसे. आपल्या बोर्डाशी जुळणारा कुणाचा तरी जुना बोर्ड शोधायचा, त्याची फाइल उचलायची, नाव बदलायचे, मग खाली उतरत जात मेमरीचे पत्ते, घड्याळाची गती, फ्लॅशचे तुकडे आपल्या सर्किटप्रमाणे भरायचे. जे कळत नाही त्याला हात लावायचा नाही. त्यामुळे आमच्या पेटीच्या फाइलीत कुठल्याशा युरोपियन बोर्डाच्या दुसऱ्या सीरियल पोर्टाचा उल्लेख होता, जो आमच्याकडे नव्हताच. वॉचडॉग बंद आहे असे सांगणारी एक ओळ होती, जिच्यामुळे काही चालू किंवा बंद होत नव्हते. आपोआप बूट होऊच नये असे सांगणारा एक तुकडा ‘इफ झिरो’च्या कुंपणात कायमचा झोपवलेला होता. आणि जवळजवळ प्रत्येक फाइलीच्या वरच्या भागात एक ठळक टीप असे, की हे पर्याय सहज बदलता येण्याजोगे आहेत. त्यांना सहसा कुणी हात लावत नसे.

मी मात्र लावत असे, आणि त्याची मला मिजास होती. कोणते डिफाइन कशाला टेकलेले आहे, कोणते काढले तर दोन किलोबाइट सुटतात आणि कोणते काढले तर बोर्ड मुका होतो, हे मला पाठ होते. ऑफिसातली चिनी, मलय, तमिळ मुले टेबलाशी येऊन ‘हे चालू करू का’ विचारायची, आणि मी लगेच उत्तर देत नसे, आधी खुर्ची मागे टेकवत असे. हजारो ओळींची रीडमी होती, तिच्यात पुष्कळ पर्यायांची ओळख दिलेली होती. मी तिची छापील प्रत पंच मारून फाइलीत लावली होती आणि कडेला पेन्सिलीने मराठीत शेरे मारले होते, कुणाला कळू नयेत म्हणून. त्या वयात ज्ञान आणि गुपित यांत मला फारसा फरक वाटत नसे.

रात्री कधी कधी मेकऑल नावाची स्क्रिप्ट लावून द्यायची. तिने एकामागून एक बोर्ड बांधत जायचे, आणि शेजारच्या पंख्याने घरघरत राहायचे. खोलीत एसीची कोरडी थंडी, टेबलावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्याचा गारसर वास, बोटाला नऊ पिनांच्या सीरियल कनेक्टरचे दोन्ही बाजूंचे खरखरीत स्क्रू. नेहमी एक तरी सैल असायचा, आणि स्क्रू-ड्रायव्हर नेहमी दुसऱ्याच्या टेबलावर. पडद्यावर अक्षरे उमटायची, उलटी मोजणी सुरू व्हायची, आणि मोजणी थांबवायची तर कोणतीही कळ दाबा, असे यंत्र विनवायचे. पहाटे खाली उतरलो की पावसाने भिजलेल्या अंगसेनाच्या झाडांतून कोकीळ ओरडत असे. इथला कोकीळ वसंताची वाट पाहत नाही, बारा महिने ओरडतो, आणि झोपमोड होते म्हणून लोक वैतागतात. मला तो सांगलीची आठवण द्यायचा, म्हणजे मी तसे ठरवून टाकले होते, कारण सांगलीत मी पहाटे कधी उठल्याचे स्मरत नाही.

मग २०१४ आले. लिनक्सच्या कर्नलमध्ये रोमान झिपेल यांची केकॉन्फिग पद्धत २००२ सालीच रुजली होती, बिझीबॉक्स, बिल्डरूट या प्रकल्पांनी ती केव्हाच उचलली होती, आणि आता मासाहिरो यामादा या जपानी अभियंत्याने ती यू-बूटमध्ये आणली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या आवृत्तीत सगळ्या बोर्डांची लांबलचक एकसंध यादी, एका ओळीत एक बोर्ड, नाहीशी झाली. आता प्रत्येक पर्यायाची रीतसर नोंद: त्याचा प्रकार कोणता, तो कशावर अवलंबून, न सांगितल्यास काय धरायचे, आणि खाली माणसाला समजेल अशी मदत. मेन्यूकॉन्फिग चालवला की निळा पडदा, त्यावर राखाडी चौकट, बाणांनी खाली जायचे, स्पेसबार दाबला की चौकटी कंसात तारा उमटतो. ज्याला काही पाठ नाही अशा कालच्या पोरालाही नेटवर्क चालू करता येऊ लागले. मला सुरुवातीला हे जरा बाजारू वाटले. शिंगे सावरून बसलेल्या बैलाला नांगराऐवजी ट्रॅक्टर दाखवावा, तसा मी त्या निळ्या चौकटीकडे बघत होतो.

पण त्यातली एक गोष्ट मला फार आवडली, आणि ती आवडल्याचे मी बरेच दिवस कुणाला कळू दिले नाही. केकॉन्फिगमध्ये बोर्डाची जी छोटी फाइल जपून ठेवतात, तिच्यात सगळे पर्याय नसतात. जगाच्या ठरलेल्या रीतीहून तुमचा बोर्ड जिथे वेगळा आहे तेवढेच उरते. आमच्या पेटीची ती फाइल पहिल्यांदा निघाली तेव्हा पडद्यावर खाली सरकावेसुद्धा लागले नाही. इतकी वर्षे मी ज्याचा रखवालदार होतो त्या शेकडो ओळींत आमचे स्वतःचे एवढेच होते, बाकी सारे लोकांचे, उसने. थोडे लागले मनाला. आणि हलकेही वाटले, कारण आता सुट्टीवर सांगलीला गेलो की मला कुणी फोन करणार नव्हते.

जुनी हेडरे मात्र एका दिवसात गेली नाहीत. हजारो पर्याय, हजारभर बोर्ड. यामादांनी डिफाइने हेडरातून केकॉन्फिगमध्ये हलवायला एक पायथन स्क्रिप्टच लिहिली होती, आणि पुढे यू-बूट सांभाळणारे टॉम रिनी वर्षानुवर्षे, आवृत्तीमागून आवृत्ती, ही निस्तरानिस्तर करीत राहिले. ज्या बोर्डांना वाली उरला नव्हता ते काढून टाकले गेले. त्याच सुमारास, २०१७ च्या जुलैत, सुंगेई रोडचा जुना बाजारही बंद झाला, जिथे ताडपत्रीवर जुनी घड्याळे, मळकी नाणी, वायरींची भेंडोळी मांडून म्हातारे बसायचे आणि जिथून मी कवडीमोलाने सीरियल केबली आणत असे. त्यातल्या निम्म्या चालत नसत, हे खरे. पण चालणारी कोणती ते घरी येऊन शोधण्यात रविवार छान जायचा. सिम लिम टॉवरमध्ये अजून जातो. इवल्या खणांतून रेझिस्टर मोजून देणारी दुकाने आहेत, पण मला आता तिथे विकत घेण्यासारखे काही सुचत नाही.

२०२२ च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, वोल्फगांग डेंक गेले. घरात चकलीची भाजणी पसरलेली, बायको सोऱ्याची चकती शोधत होती, आणि मी फोनवर ती बातमी वाचत उभा होतो. ‘कोण गेलं?’ तिने विचारले, आणि मला काय नाते सांगावे कळेना. त्यानंतर काही आठवड्यांतच हेडरांतले उरलेसुरले कॉन्फिगही गेले. जे केकॉन्फिगमध्ये नेण्याजोगे नव्हते त्यांच्या नावांना सीएफजी हा जुना उपसर्ग लावण्यात आला, आणि २०२३ च्या जानेवारीची आवृत्ती तशी निघाली. हाच सीएफजी २००८ साली मोडीत काढून त्या जागी लांब नवा उपसर्ग आणला होता, तेव्हा आमच्या सगळ्या फाइली बदलताना मी शिव्या मोजल्या होत्या. पेन्सिलीचे शेरे असलेली ती छापील रीडमी मिळाली असती तर तिच्यातला सीएफजी पुन्हा बरोबर ठरला असता. पण ती कुठल्याशा घरबदलात गेली.

सध्या आमच्याकडे नाशिकची एक मुलगी आहे. मंडळाच्या गणपतीत ओळख झाली, त्यामुळे ऑफिसातही ती मला काका म्हणते, आणि चिनी सहकाऱ्यांना ते माझे आडनाव वाटते. परवा ती जुन्या ग्राहकाची पेटी नव्या यू-बूटवर आणत होती. हेडर उघडून म्हणाली, ‘काका, हे बघा ना, वॉचडॉग बंद म्हणून लिहिलंय, पण बोर्डवर तर वॉचडॉगच नाही. आणि हा दुसरा सीरियल पोर्ट कुणाचा?’

‘काढून टाक,’ मी म्हणालो.

‘सगळं?’

‘सगळं.’

तिने काढले, बिल्ड केला, आधीच्या इमेजशी ताडून पाहिला. आकार एका बाइटनेही बदलला नव्हता. तिला भारीच गंमत वाटली. मी म्हटले, चल आता, पावणेबारा होत आले, बारा वाजले की खाली टेबलांवर टिश्यूची पाकिटे ठेवून जागा धरणारे येतात, आणि मग कोपीचा पेला हातात घेऊन उभे राहावे लागते.