रेघेखालचे महाभारत

काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या एका विद्यार्थिनीने आपल्या लघुप्रबंधाचा कच्चा खर्डा मला वाचावयास दिला. विषय होता मराठी लोकप्रिय साहित्यातील महाभारत. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आणि रणजित देसाईंची ‘राधेय’ या कादंबऱ्या आणि दूरदर्शनवरील मालिका असा अपेक्षित क्रम घेतल्यानंतर शेवटच्या प्रकरणात तिने आपल्या आजोबांकडून ऐकलेले जांभूळ आख्यान दिले होते. आजोबा गोंधळी, लग्नकार्यानंतरच्या गोंधळात ते हे आख्यान लावीत. त्या दहा-बारा पानांच्या समासात मी लाल शाईने लिहिले : “मूळ महाभारतात आधार नाही. वगळावे.” तिने ते प्रकरण वगळले. खर्डा परत नेताना एवढेच म्हणाली, “मॅडम, आजोबा तर याला महाभारतच म्हणतात.” मी हसून विषय बदलला. प्रस्तुत लेख हे त्या शेऱ्याचे उशिरा केलेले पुनर्मूल्यमापन आहे.

तो शेरा लिहिताना मला कसलीही शंका आली नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे. माझे महाभारताचे संस्कार दुहेरी होते. आजी चातुर्मासात श्रीधरांचा ‘पांडवप्रताप’ वाची. आणि १९८८ ते १९९० या काळात, मी शाळेत असताना, रविवारी सकाळी आमच्या घरी अर्धी आळी बी. आर. चोप्रांची मालिका पाहावयास जमे. पुढे पदव्युत्तर वर्गात दुर्गाबाई भागवतांचे ‘व्यासपर्व’ आणि इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ वाचले, आणि आजीची पोथी व रविवारची मालिका या दोहोंबद्दल एक सुशिक्षित दुरावा निर्माण झाला. मूळ वेगळे आणि लोकप्रिय वेगळे, ही विभागणी मी शास्त्र म्हणून स्वीकारली. वर्गात तिचा उपयोगही भरपूर केला. उत्तरपत्रिकेत कोणी कर्णाच्या पत्नीचे नाव ‘वृषाली’ असे ठामपणे लिहिले, की ते महाभारतातील नव्हे, ‘मृत्युंजय’मधील आहे, अशी दुरुस्ती मी करीत असे.

या आत्मविश्वासाला तडा गेला तो ग्रंथालयात. एका लेखासाठी स्वयंवराचा प्रसंग पाहावा म्हणून भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सित आवृत्तीचे आदिपर्व काढले. कर्ण धनुष्य उचलण्यास पुढे सरसावतो आणि सूताला वरणार नाही, असे द्रौपदी भर सभेत सांगते, हा प्रसंग मी दहा वर्षे वर्गात महाभारतातील म्हणून शिकवीत होते. तो संहितेत नव्हता. पानावरील आडव्या रेघेच्या खाली, तारांकित ओळींत, काही हस्तलिखितांतील अधिक पाठ म्हणून तो दिला होता. रेघेच्या वर जे महाभारत होते, त्यात कर्ण-शल्यादी राजांनाही हे धनुष्य वाकविता आले नाही, असे ब्राह्मण आपसांत बोलतात. म्हणजे ज्या न्यायाने मी त्या मुलीच्या आजोबांना बाहेर काढले, त्याच न्यायाने माझे दहा वर्षांचे अध्यापनही समासात लाल शेरा घेण्यास पात्र होते. गणपती लेखनिक झाल्याची कथाही या आवृत्तीत परिशिष्टात आहे, आणि ती तर आपल्या बालपणाची पहिली पायरी.

या आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पूर्ण झाले. त्यासाठी बाराशेहून अधिक हस्तलिखितांचा विचार करण्यात आला. तिचे प्रमुख संपादक वि. सी. सुखठणकर यांनी आपण व्यासांची मूळ संहिता परत मिळविली, असा दावा कधी केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जितके मागे जाता येईल तितके जाणे, एवढेच त्यांचे ध्येय होते. त्यांनी रेघ ओढली खरी, पण रेघेखालचे काही फेकून दिले नाही. काश्मिरात काय वाचले जाई, दक्षिणेत काय वाचले जाई, हे प्रत्येक पानाच्या तळाशी जपून ठेवले. आम्ही प्राध्यापकांनी या आवृत्तीतून रेघ तेवढी उचलली. तळाची नोंद ठेवण्याची वृत्ती उचलली नाही. आणि योगायोग असा, की ही आवृत्ती पूर्ण झाली त्याच्या पुढच्याच वर्षी, १९६७ साली, ‘मृत्युंजय’ आणि ‘युगान्त’ ही दोन्ही पुस्तके प्रकाशित झाली. एकीने कर्णाला मराठी घराघरांत नेले, तर दुसरीने चिकित्सित संहितेचा आधार घेऊन त्याच कर्णाला कठोरपणे तपासले. मराठी वाचकाने दोन्ही पुस्तके डोक्यावर घेतली.

मग लोकप्रिय आविष्कारात सारेच क्षम्य मानावयाचे काय? येथे मला थांबावेसे वाटते, कारण ‘परंपरा प्रवाही असते’ हे वाक्य उच्चारून पुष्कळदा विचार करण्याचे टाळले जाते. कथेत बदल कोणी केला, यापेक्षा त्या बदलाने कोणाला दोषमुक्त केले, हा प्रश्न मला अधिक उपयोगी वाटतो. महाभारतातील दुष्यंताला शकुंतला आठवत असते. लोकापवादाच्या भीतीने तो तिला ओळख देत नाही. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणली, आणि राजा निर्दोष झाला. नाटक अजोड झाले, पण एका स्त्रीची फसवणूक नियतीच्या खात्यावर जमा झाली. महाकवीचा हा बदल आपण प्रतिभा म्हणून शिकवितो. गोंधळ्याचा बदल मात्र अज्ञान ठरतो.

आता मयसभेचा प्रसंग घ्या. मालिकेत दुर्योधन पाण्यात पडतो आणि द्रौपदी त्याच्या पित्याच्या अंधत्वावरून त्याला बोचरे वाक्य ऐकविते. २०२० च्या टाळेबंदीत ही मालिका पुन्हा दाखविली गेली, आणि त्या वर्षी माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांनी महाभारतीय युद्धाचे कारण म्हणून हे एकच वाक्य लिहिले. सभापर्वाच्या चिकित्सित संहितेत ते वाक्य नाही. तेथे प्रत्यक्ष प्रसंगात भीमादी पांडव हसतात, सेवक हसतात. द्रौपदी हसल्याचा उल्लेख येतो तो नंतर, दुर्योधन धृतराष्ट्रापुढे गाऱ्हाणे मांडतो तेव्हा. अपमानिताच्या तक्रारीतील एक तपशील लोकप्रिय माध्यमाने घटना म्हणून समोर ठेवला, त्याला संवाद दिला, आणि कुलक्षयाचा भार एका स्त्रीच्या जिभेवर ठेवला. सभेत जे पुढे घडले, ते जणू तिनेच ओढवून घेतले! या बदलाबद्दल माझा आक्षेप आजही कायम आहे; मात्र आता तो ‘मुळात नाही’ म्हणून नाही.

स्वयंवरातील नकाराचे तसे सरळ मोजमाप होत नाही. द्यूतसभेत द्रौपदीला कुलटा म्हणणारा कर्ण त्या नकारामुळे थोडा सुसह्य होतो, हे खरे. परंतु हा पाठ शतकानुशतके टिकला, तो केवळ कर्णाला वाचविण्यासाठी, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जन्मावरून अपात्र ठरविले जाणे ही कर्णाच्या कथेतील खरीच वेदना आहे. शस्त्रपरीक्षेच्या रंगमंडपात कृपाचार्य त्याला कुळ विचारतात आणि भीम हाती चाबूक घ्यावयास सांगतो, हे तर रेघेच्या वरचेच आहे. माझ्या वर्गातील अनेक मुलांच्या घरी आलेले पहिले पुस्तक ‘मृत्युंजय’ होते. त्यांना त्यात स्वतःचा अपमान वाचता आला. अशा वाचकासमोर पाठचिकित्सेचा दाखला ठेवताना आवाज खाली आणावा लागतो.

या पार्श्वभूमीवर जांभूळ आख्यान मला नव्याने कळू लागले. शाहीर विठ्ठल उमपांनी ते रंगमंचावर आणले आणि शहरी प्रेक्षकाला त्याची ओळख झाली. त्या विद्यार्थिनीच्या खर्ड्यातील आख्यान असे होते : वनवासात ऋषीचे एकुलते एक जांभूळ तोडले जाते, शाप टाळावयाचा तर ते देठाला पुन्हा लागले पाहिजे, आणि त्यासाठी प्रत्येकाने मनातले लपलेले बोलले पाहिजे. पांडव बोलतात, तसे फळ थोडे थोडे वर चढते. द्रौपदी अर्धे बोलते आणि ते अडते. मग ती सांगते, की कर्णाला पाहून सहावा पती असता तर, असे मनात आले होते. जांभूळ देठाला लागते. या बदलाने कोणीही दोषमुक्त होत नाही. पांडवही सुटत नाहीत, द्रौपदीही नाही. तिच्यावर कोणी आरोप करीत नाही. ती स्वतः बोलते, आणि तिच्या सत्यानेच सारे वाचतात. स्वयंवरात सूताला नाकारणारी द्रौपदी आणि जांभळाच्या झाडाखाली त्याचेच नाव घेणारी द्रौपदी : लोकमानसाने या दोघींना एकमेकींसमोर उभे केले. ज्या लग्नघरात नव्या सुनेने मनातले काही बोलू नये, अशीच अपेक्षा असते, तेथे हे आख्यान लावले जात होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे धाडस कळते. दुसरे असे, की गोंधळ्याला आपले महाभारत हे अनेकांपैकी एक आहे, याची जाण असते. शेजारच्या गावचा गोंधळी ते निराळे लावतो, हे तो जाणतो. मुद्रित कादंबरी आणि प्रक्षेपित मालिका यांची अडचण बदल ही नाही. एकच बदल लाखो घरांत एकाच वेळी पोहोचतो आणि बाकीचे महाभारत गप्प होते, ही आहे.

आणि गप्प करणाऱ्यांत माझी लाल शाईही होती. लघुप्रबंध सादर झाला त्याच पावसाळ्यात त्या मुलीचे आजोबा वारले. त्यांच्या आख्यानाचे ध्वनिमुद्रण कोणी केलेले नव्हते. ज्या पानांत त्याचा काही अंश उतरला होता, ती पाने माझ्या सांगण्यावरून वगळली गेली होती. ग्रंथालयातील त्या दुपारनंतर मी तिला पत्र लिहिले, चूक कबूल केली आणि ते प्रकरण मागितले. ती आता एका शाळेत शिकविते. खर्डा तिच्याकडे उरला नव्हता. आठवले तेवढे तिने पुन्हा लिहून पाठविले : चार पाने. नकुळाच्या बोलण्यापाशी तिने लिहिले होते, “येथे आजोबा एक पद म्हणत. चाल आठवते, शब्द आठवत नाहीत.”

ती चार पाने मी आदिपर्वाच्या माझ्या टिपणवहीत, स्वयंवराच्या पानाशी लावून ठेवली आहेत. वर्गात हा भाग शिकविताना आता फळ्यावर मधोमध एक आडवी रेघ ओढते आणि मुलांना घरी ऐकलेले महाभारत विचारते. रेघेखालची जागा दर वर्षी अपुरी पडते.